दिवाळीच्या सुट्टीत १३ सिनेमे: आधी पुस्तक की आधी पडदा?

वाचनवेडा_परभणी

मंडळी, दिवाळीला घरी पाच पोरं जमणार आहेत, वय १२ ते १९. भांडणं करून यादी ठरली ती अशी: लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तीन, हॅरी पॉटरचे आठ, ड्यूनचे नवे दोन. दिवस दहा, टीव्ही ४३ इंची, आणि लाईटचं काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मोठ्या दोघांनी पॉटरची साती पुस्तकं वाचलेली आहेत, त्यामुळे दर दहा मिनिटाला "पुस्तकात असं नाही" सुरू होणार हे नक्की. बाकीच्या तिघांनी यातलं काही वाचलेलं नाही.

लॉर्ड ऑफ द रिंग्जची थिएटरवाली आवृत्ती दाखवावी की लांबवाली? ड्यून १२ वर्षांच्या पोराला झेपेल का? हिंदी डब लावावं का? आणि "सिनेमानं पुस्तकाची वाट लावली" असं जे सगळीकडं म्हणतात, त्यात खरं किती?


गोदाकाठ_नांदेड

आधी हिशोब करा. पॉटरचे आठ मिळून १९ तास ३९ मिनिटं, रिंग्जचे तीन थिएटरवाले ९ तास १८ मिनिटं, ड्यूनचे दोन साधारण ५ तास २० मिनिटं. म्हणजे ३४ तासांच्या वर. लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज सोडली तर आठ दिवस हातात राहतात, रोजचे सव्वाचार तास. जमतंय, पण लांबवाल्या आवृत्त्या घेतल्या की आणखी दोन तास वाढतात.

तरी रिंग्जच्या बाबतीत माझं मत असं: पहिला आणि दुसरा लांबवाला बघा, तिसरा थिएटरवाला. लोक उलटं करतात. पहिल्याच्या लांब आवृत्तीत हॉबिटांच्या गावाची नीट ओळख होते आणि एल्फांची राणी गॅलाड्रिएल सगळ्यांना जी भेट देते तो प्रसंग पूर्ण आहे. त्या भेटी पुढं कामाला येतात, थिएटरवाल्यात त्या मधूनच उगवल्यासारख्या वाटतात. दुसऱ्यात फॅरामिरचं, म्हणजे बोरोमिरच्या धाकट्या भावाचं, कोडं सुटतं.

हे फॅरामिरचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण "वाट लावली" म्हणणाऱ्यांचं हे आवडतं उदाहरण आहे. पुस्तकात फॅरामिर अंगठीला भुलत नाही. रस्त्यात पडलेली दिसली तरी उचलणार नाही असं म्हणतो आणि फ्रोडोला सोडून देतो. सिनेमात तो त्याला धरून ऑस्गिलिएथ या पडक्या शहरापर्यंत ओढत नेतो. कामून? पुस्तकाच्या दुसऱ्या खंडाचा शेवट शेलॉब कोळिणीपाशी होतो. पण पुस्तकाच्या परिशिष्टातली तिथीवार नोंद काढून बघा: हेल्म्स डीपची लढाई ३ मार्चच्या रात्रीची आणि शेलॉबचा प्रसंग १२-१३ मार्चचा, म्हणजे मिनास तिरिथचा वेढा पडतो त्या सुमाराचा. लेखक टॉल्किननं दुसऱ्या खंडात दोन्ही कथा वेगवेगळ्या सांगितल्या, आधी अ‍ॅरागॉर्नकडची सगळी, मग फ्रोडोकडची सगळी, म्हणून त्याला तारखा जुळवायची गरज पडली नाही. सिनेमा दोन्हीकडं आलटून पालटून जातो, त्याला तारखा सांभाळाव्या लागतात. शेलॉब तिसऱ्या सिनेमात गेली आणि दुसऱ्यात फ्रोडोच्या वाट्याला चढच उरला नाही. ती जागा फॅरामिरनं भरली. बदल आवडो न आवडो, कारण हे आहे. लांब आवृत्तीत बोरोमिर, फॅरामिर आणि बाप डेनेथॉर असा तिघांचा एक प्रसंग आहे. बापाचा लाडका कोण हे तिथं दिसतं आणि फॅरामिर असा का वागतो ते कळतं. थिएटरवाल्यात तो नुसता आडमुठा वाटतो.

तिसऱ्याची लांब आवृत्ती चार तासांच्या पुढं जाते. त्यात दुष्ट जादूगार सारुमानचा शेवट आहे, थिएटरवाल्यात गंडाल्फ त्याला मनोऱ्यात तसाच सोडून निघतो. तेवढा एक प्रसंग वेगळा काढून दाखवा, बाकी १२ वर्षांच्या पोराला २०१ मिनिटं पुरे आहेत.

आणि हो, हॉबिटचे तीन सिनेमे यादीत घालू नका. एक छोटं पोरांचं पुस्तक ताणून ४७४ मिनिटं केलंय. ते पुस्तकच वाचायला द्या, दोन दिवसांत होतं.


देवगिरी_तट

गोदाकाठ, तिसरा थिएटरवाला हे पटलं नाही. सारुमान दोन सिनेमे भर खलनायक आहे, त्याचा हिशोब न करता पुढं जाणं ही चूकच आहे. पण पोरांची वयं बघता ठीक. पहिल्या लांब आवृत्तीला मध्यंतर कुठं घ्यायचं ते सांगतो: एलरॉंडच्या सभेत नऊ जण ठरतात तिथं. दोन तबकड्यांच्या संचात पहिली तबकडी तिथंच संपते, म्हणजे बनवणाऱ्यांनीच ती जागा नेमलेली आहे. चिवड्याची वाटी तेव्हाच भरायची.

मराठीतून वाचायचं असेल तर "स्वामी मुद्रिकांचा" नावानं अनुवाद आहे.


लातूर_पॅटर्न_नव्हे

ड्यूनबद्दल लिहितो. १२ वर्षांच्याला झेपेल, पण आधी पाच मिनिटं बसवून चार गोष्टी सांगा. पुस्तकाच्या मागं शब्दांची यादी दिलेली आहे, सिनेमाला ती सोय नाही.

एक, मसाला. तो फक्त अराकिस ग्रहावर मिळतो आणि त्याच्याशिवाय ताऱ्यांमधला प्रवास होत नाही. म्हणजे तेलाच्या विहिरी आणि अमृत दोन्ही एकाच वाळूत. दोन, ढाल. अंगाभोवती जी निळी-लाल झळाळी दिसते ती वेगानं येणारी गोळी अडवते, हळू जाणारं पातं मात्र आत शिरतं. म्हणून हजारो वर्षं पुढचे लोक तलवारी घेऊन लढतात. पोरं हा प्रश्न पहिल्या अर्ध्या तासात विचारणारच. लेझरचा झोत ढालीवर पडला तर दोन्ही बाजूंचा अणुस्फोटासारखा नाश होतो, म्हणून लेझर सर्रास वापरत नाहीत. हे पुस्तकात स्पष्ट आहे, सिनेमात कुणी सांगत नाही. तीन, संगणक नाहीत. यंत्रांविरुद्ध मोठं युद्ध होऊन विचार करणारी यंत्रं बंद झालीत, म्हणून माणसांनाच गणकयंत्रासारखं घडवतात. डोळे पांढरे करून आकडे सांगणारा जो माणूस दिसतो तो हाच. चार, बेने गेसेरिट बायका. त्या पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी जुळवत एक विशिष्ट मुलगा जन्माला घालायच्या मागं आहेत. आपल्याकडं पत्रिका जुळवतात, त्या रक्त जुळवतात एवढंच.

एवढं सांगितलं की पुस्तक आधी वाचायची गरज नाही. उलट ड्यूनला मी सिनेमा आधी म्हणेन. कारण असं की पुस्तकात दगा कोण देणार हे लेखक हर्बर्ट वाचकाला सुरुवातीलाच सांगून टाकतो. मजा "कोण" यात नसून "कधी आणि का" यात आहे. सिनेमा ते लपवतो. पुस्तक वाचून सिनेमा बघितला तर धक्का जातो. सिनेमा बघून पुस्तक वाचलं तर काहीच जात नाही.

काय बदललंय ते मोठ्यांसाठी: पुस्तकात मध्ये काही वर्षं जातात, गोष्टीतला मुख्य पोरगा पॉल, त्याची बहीण आलिया जन्मते आणि चिमुरडी असतानाच ती आजोबा असलेल्या खलनायक बॅरनला मारते. सिनेमात सगळं आईच्या गरोदरपणाच्या आतच उरकतं, बहीण पोटात आहे आणि बॅरनला पॉल मारतो. पडद्यावर मोठ्या माणसासारखं बोलणारं पोर दाखवणं अवघड असतं, १९८४ च्या डेव्हिड लिंचच्या सिनेमात ते दाखवलंय, बघून ठरवा. पण खरा मोठा बदल पॉलच्या प्रेयसीचा, चानीचा. पुस्तकात ती पॉलच्या राजकीय लग्नाला मान तुकवते, सिनेमात ती त्याच्या देवपणावरच शंका घेते आणि शेवटी वाळूच्या किड्याची वाट धरते. हर्बर्टनं पॉलला नायक म्हणून लिहिलं नव्हतं, लोकांनी तसं वाचलं; १९६९ च्या दुसऱ्या पुस्तकात त्यानं ते कानउघाडणी केल्यागत परत सांगितलं. सिनेमानं ती कानउघाडणी चानीच्या तोंडी घातली. हे मला मूळ पुस्तकापेक्षाही जास्त पटतं. दगड मारायचे असतील तर मारा.

आणखी एक. आपल्याकडच्या पोरांना यातले शब्द इंग्रजी मुलखातल्या पोरांपेक्षा लवकर लागतील. पॉलला लोक "लिसान अल-गैब" म्हणतात, ते ऐकलं की आपल्या भाषेतला "गैबी" आठवतो, "महदी"ही कानावरून गेलेला असतो. पुस्तकात "जिहाद" शब्द वारंवार येतो, सिनेमात त्याच्या जागी "पवित्र युद्ध" केलंय.


अंबानगरी_वाचक, अंबाजोगाई

पॉटरवाल्या मोठ्या दोघांची तक्रार पन्नास टक्के रास्त आहे, पण ते चुकीच्या जागी कुरकुर करतील. पीव्ह्ज नावाचं खोडकर भूत नाही, झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचचे सामने कापले, याचं काही नाही. काय कापलं यापेक्षा कापल्यामुळं पुढचं कारण तुटलं का, हे बघायला शिकवा.

नेमकं उदाहरण डॉबी या घरगड्याचं. सिनेमात तो दुसऱ्या भागात येतो आणि मग थेट सातव्यात. पुस्तकात चौथ्या भागात तळ्यात श्वास घ्यायची वनस्पती तो आणून देतो, पाचव्यात गुप्त सरावाची खोली तो दाखवतो. सिनेमात ही दोन्ही कामं हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला दिली. त्या त्या सिनेमापुरती ती युक्ती छान आहे, एक पात्र वाचलं, नेव्हिललाही वजन आलं. पण सातव्यात डॉबीसाठी रडायची वेळ येते तेव्हा फक्त सिनेमे बघणाऱ्याला पाच सिनेमे आधीचा एक खोडकर घरगडी आठवतो. वाचणाऱ्याला वर्षानुवर्षांची दोस्ती. कात्री चौथ्यात लावली, जखम सातव्यात दिसली.

तसाच आरशाचा तुकडा. सातव्याच्या पहिल्या भागात हॅरीच्या हातात आरशाचा तुकडा असतो आणि त्यात निळा डोळा दिसतो. पोरं विचारणार, हा कुठनं आला? पुस्तकात पाचव्या भागात त्याचा मानलेला बाप सिरियस त्याला जोडीचा आरसा देतो. सिनेमात ते दिलेलंच नाही. पाचवा संपला की एवढं एक वाक्य सांगून ठेवा.

तिसरं, खलनायक व्होल्डेमॉर्टनं आपल्या जिवाचे तुकडे ज्यात लपवले त्या शापित वस्तूंचं. सहाव्या पुस्तकात हेडमास्तर डंबलडोर हॅरीला रिडलच्या (म्हणजे व्होल्डेमॉर्टच्याच) भूतकाळाच्या बऱ्याच आठवणी दाखवतो: त्याच्या आईचं घराणं, म्हातारीकडचा पेला, लॉकेट. सिनेमात अनाथाश्रम आणि स्लगहॉर्न मास्तर एवढ्याच ठेवल्या आणि वाचलेला वेळ रॉनच्या घराला आग लावण्यात घालवला, जी पुस्तकात नाहीच. परिणाम असा की सातव्यात पेला शोधताना हॅरीला तो कसा कळला हे उमगत नाही. इथं मात्र बिनधास्त शिव्या द्या.

एक गोष्ट सिनेमावाल्यांच्या बाजूची. पाचवा सिनेमा जुलै २००७ मध्ये आला तेव्हा सातवं पुस्तक बाजारात आलेलंच नव्हतं, दहा दिवसांनी आलं. पुढं काय लागणार हे माहीत नसताना कापायचं होतं. क्रीचर नावाचा घरगडी ते पाचव्यातून काढणार होते, रोलिंगबाईंनी सांगितलं म्हणून ठेवला. आरशाबद्दल कुणी सांगितलं नाही वाटतं. आणि सगळ्यात जाड पुस्तक पाचवं, सिनेमा मात्र १३८ मिनिटांचा, आठांतला दुसऱ्या नंबरचा छोटा.

तिसरा सिनेमा (कुआरोनचा) सिनेमा म्हणून सगळ्यात सरस आहे, पण त्यात शाळेचा जादूचा नकाशा कुणी बनवला तेच सांगितलेलं नाही. लुपिन मास्तरला तो नकाशा ओळखता कसा येतो? सिनेमा संपल्यावर तिसऱ्या पुस्तकाचं १८ वं प्रकरण मोठ्यानं वाचा, छोटंसंच आहे. वाचलेल्या दोघांना हेच काम द्या. "पुस्तकात असं नाही" म्हणायला बंदी, त्याऐवजी सिनेमा संपल्यावर प्रत्येकानं राहिलेला एकच दुवा सांगायचा. कुरकुर आपोआप कमी होते.

धाकट्याला पहिलं पुस्तक मराठीतून द्या, "हॅरी पॉटर आणि परीस". फिलॉसफर्स स्टोनला "परीस" हा शब्द इतका चपखल बसलाय की मूळचं नाव फिकं वाटतं.


जालना_वायरमन

तुमच्या टीव्हीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

पहिलं, चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं: ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घालतो आणि मग दीडशे कोटींचा सेट सासू-सुनेच्या मालिकेसारखा दिसतो. चित्राचा प्रकार "सिनेमा" किंवा "फिल्ममेकर" ठेवा, "व्हिव्हिड" नको. सहावा-सातवा पॉटर आणि हेल्म्स डीपची रात्र फार काळोखी आहे, ती दिवसा लावू नका. दिवसा ड्यून लावा, वाळवंट उन्हात पण दिसतं. दुसऱ्या ड्यूनमध्ये आखाड्याचा एक लांब भाग पूर्ण काळा-पांढरा येतो, तो मुद्दाम इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं घेतलाय. टीव्ही गेला समजून वायरी हलवत बसू नका.

दुसरं, आवाज. "बोलणं ऐकू येईना, लढाईत भिंती हादरतात" ही तक्रार प्रत्येक घरी असते. ५.१ मध्ये, म्हणजे सहा स्पीकरसाठी बनवलेल्या आवाजात, संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात, तुमच्याकडं तो स्पीकर नाही. अ‍ॅपमध्ये भाषेच्या यादीत इंग्रजी ५.१ आणि नुसतं इंग्रजी असे दोन पर्याय असतील तर दुसरा निवडा. टीव्हीत रात्रीचा मोड किंवा आवाज समान करणारा पर्याय असेल तर तो चालू.

तिसरं, लाईट. ४३ इंची टीव्ही, एक पंखा आणि राउटर मिळून दोनशे वॅटच्या आत बसतं. १५० अँपियर-तासांची बॅटरी चांगल्या अवस्थेत असेल तर चार-पाच तास आरामात निघतात. बॅटरी तीन-चार वर्षं जुनी असेल तर निम्मे धरा आणि पाणी आत्ताच बघून घ्या. साउंडबार, फ्रीज इन्व्हर्टरवर नको.

चौथं, नेट. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. ३४ तासांचे १०० जीबी. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीत एक सिनेमासुद्धा होत नाही. फायबर नसेल तर आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवा. कुठला सिनेमा कुठल्या अ‍ॅपवर आहे ते सुट्टीच्या आठवडाभर आधी तपासा, हक्क बदलले की एखादा भाग मधूनच गायब होतो.


वाचनवेडा_परभणी

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. डबचं राहिलं. आणि थोरला म्हणतोय, सगळं विलायती कामून, आपल्याकडच्या कादंबऱ्यांवरचं काही घ्या की. छावा आणि पोन्नियिन सेल्वन म्हणतोय.


सीमेवरचा_देगलूरकर

डबचं असं आहे. डबिंगमध्ये ओठांच्या हालचालीत वाक्य बसवावं लागतं, म्हणून आधी बळी जातात ती लांब नावं आणि बोलीचा ठसका. पुष्पाचं मूळ तेलुगू चित्तूरकडच्या बोलीतलं आहे. देगलूर, धर्माबादकडं ज्यांच्या कानावर तेलुगू आहे त्यांना तो गावरानपणा लगेच कळतो, हिंदीत तो उरत नाही. तरी हिंदी डब वाईट नाही, पुष्पाला श्रेयस तळपदेनं आणि बाहुबलीला शरद केळकरनं आवाज दिलाय, दोघं आपलेच. पोरांसाठी पॉटर हिंदीत चालेल, रिंग्ज आणि ड्यून इंग्रजीत ठेवून खाली इंग्रजी अक्षरं लावा. ड्यूनमध्ये आवाजानं हुकूम सोडायची जी विद्या आहे, ती सगळी ध्वनीच्या करामतीवर उभी आहे, मूळ आवाजातच ऐकावी.

पोन्नियिन सेल्वन बघायचा तर कागदावर वंशवेल काढून भिंतीला चिकटवा. हे चेष्टेनं म्हणत नाही. कल्कींची कादंबरी पाच भागांची, १९५० पासून साप्ताहिकात क्रमशः आलेली. मणिरत्नमनं ती २०२२ आणि २०२३ च्या दोन सिनेमांत बसवली. एकेका माणसाला दोन-तीन नावं, त्यात चोळ, पांड्य, राष्ट्रकूट. कादंबरी वंदियदेवन या तरुण शिलेदाराच्या घोड्यावर बसून हळूहळू ओळख करून देते, सिनेमा पहिल्याच घासाला लढाई वाढतो. शेवटी गादी कुणाला मिळते त्याची कादंबरीतली गाठ सिनेमानं सोडूनच दिलीय, म्हणून वाचणारे चिडले. सुट्टीत हे घुसवू नका, उन्हाळ्याला ठेवा.

एक लक्षात ठेवा, बाहुबली कुठल्या कादंबरीवरून घेतलेला नाही. त्यात "पुस्तकात काय होतं" हा खेळच नाही. मधे एक दिवस विश्रांती म्हणून तो उत्तम.


देवगिरी_तट

छावा सिनेमा (फेब्रुवारी २०२५, लक्ष्मण उतेकर) शिवाजी सावंतांच्या १९७९ च्या कादंबरीवर आहे, पण कादंबरीचा उत्तरार्धच पडद्यावर आलाय असं समजा. सिनेमा महाराजांच्या निधनानंतर, १६८१ च्या बुऱ्हाणपूरच्या लुटीपासून सुरू होतो आणि १६८९ ला संपतो. कादंबरीत जे शंभूराजांचं पोरपण आहे, आग्रा आहे, बाप-लेकातला ताण आहे, ते सिनेमात आठवणींच्या तुकड्यांत येतं. म्हणून सिनेमातला राजा पहिल्यापासून घडलेलाच दिसतो. इथं पुस्तक आधीच वाचावं, निदान पूर्वार्ध. आणि थोरल्याला सांगा की कादंबरी ही कादंबरी आहे, बखर किंवा कागदपत्रं नव्हेत; वाद घालायचा तर आधी कोण कशावरून बोलतोय ते ठरवा. शेवटचा अर्धा तास छळाचा आहे, तोही बारकाईनं दाखवलेला. १२ वर्षांच्याला नको.

सावंतांचं खरं अवघड पुस्तक मृत्युंजय. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून ते सांगितलंय. एकच प्रसंग दोघांच्या नजरेतून वेगळा दिसतो, हाच त्याचा जीव. सरळ रेषेत सिनेमा काढला तर नुसती कर्णाची गोष्ट उरेल, जी सगळ्यांना आधीच माहीत आहे. सहा भागांची मालिका, भागाला एक निवेदक, असं कुणी केलं तरच अर्थ.


गोदाकाठ_नांदेड

सहा भाग ठीक, पण शोणाचा भाग कुणी बघणार नाही म्हणून निर्माता पहिला तोच कापणार, लिहून ठेवा. आणि कर्णाचं भावाशी नातं त्याच्यातूनच कळतं.

वाचनवेडा, क्रम असा ठेवा: पहिले चार दिवस पॉटर, रोज दोन. पाचव्या दिवशी ड्यून दोन्ही, सकाळी एक, दुपारी एक. मग तीन दिवस रिंग्ज, रोज एक, संध्याकाळी. रिंग्ज आधी घेतलात तर त्याच्या लढायांनंतर पॉटरचे पहिले दोन पोरांना बाळबोध वाटतील. शेलॉब तिसऱ्यात आहे, कोळ्याला घाबरणारं कुणी असेल तर जेवणाआधी लावू नका. पॉटरच्या दुसऱ्या भागातही कोळी आहेत, त्यावरून अंदाज येईलच.